‘टर्निंग पॉइंट सांगा’: महामारीतल्या शिक्षकांवरचा एक पेपर आणि त्यातला प्रश्न

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण एकच असते. "पेपर वाचला, समजला. पण त्यावर टीका काय करायची? छापून आलाय म्हणजे बरोबरच असणार ना?" मग लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एकेका पेपरला एकेक परिच्छेद मिळतो. अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांना असे आढळले. गाईड त्यावर लाल पेनाने लिहितात, "तुमचं मत कुठे आहे?"

म्हणून आज एकच पेपर घेऊया आणि तो नीट तपासूया. मी मुद्दाम एक चांगला पेपर निवडलाय. वाईट पेपरवर टीका करणं सोपं असतं आणि त्यातून फार काही शिकायलाही मिळत नाही.

पेपर काय सांगतो

लिसा किम आणि कॅथरीन ॲसबरी या इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधक. त्यांचा पेपर 2020 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’मध्ये आला. विषय असा की कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत इंग्लंडमधल्या शिक्षकांना काय वाटत होतं. शीर्षकात अवतरणचिन्हांत एक वाक्य आहे, पायाखालची सतरंजी कुणी खेचून घ्यावी तसं झालं, अशा अर्थाचं. आपण म्हणू, पायाखालची जमीन सरकली.

आधी पार्श्वभूमी. 20 मार्च 2020 ला, शुक्रवारी, इंग्लंडमधल्या शाळा बंद झाल्या, पण पूर्ण बंद नाही. अत्यावश्यक सेवेतल्या पालकांची मुलं आणि घरी ज्यांची आबाळ किंवा धोका होण्याची शक्यता होती अशी मुलं शाळेत येतच होती. त्यामुळे काही शिक्षक घरून शिकवत होते, काही आळीपाळीने शाळेत जात होते, काही दोन्ही करत होते. दहावी-बारावीच्या तोडीच्या त्यांच्या परीक्षा रद्द झाल्या होत्या आणि मुलांना ग्रेड कशी मिळणार हे नीट ठरलेलं नव्हतं.

अशा वेळी किम आणि ॲसबरी यांनी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतल्या 24 शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. प्राथमिकचे, माध्यमिकचे आणि शाळा चालवणारेही त्यात होते. प्रत्येकाला पहिल्या पाच-सहा आठवड्यांतले तीन प्रसंग सांगायला सांगितले: सगळ्यात वाईट क्षण, सगळ्यात चांगला क्षण आणि टर्निंग पॉइंट. शिवाय पुढचं प्रकरण कसं दिसतं, तेही विचारलं. या कथनांतून सहा थीम मांडल्या: अनिश्चितता, मार्ग काढणं, दुर्बल मुलांची काळजी, नात्यांचं महत्त्व, शिक्षक म्हणून ओळख आणि चिंतन. निष्कर्ष थोडक्यात असा की सुरुवातीला अनिश्चितता फार जाणवली, पण मुलाखतीच्या वेळेपर्यंत बहुतेक जण ‘मार्ग काढण्या’पर्यंत पोचले होते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

माझी पहिली टीका, जी चुकली

माझं एम.एस्सी. सांख्यिकीत झालंय. हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी समासात एकच गोष्ट लिहिली होती: "सॅम्पल फक्त 24!!" दोन उद्गारचिन्हांसकट. गाईडना दाखवलं.

त्यांनी विचारलं, "किती टक्के शिक्षक घाबरले होते, असं हा पेपर सांगतोय का?"

"नाही."

"मग जे तो सांगतच नाही, त्याचा हिशोब तू का मागतेस?"

विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची ही चूक होते. गुणात्मक संशोधनाला सर्व्हेची फूटपट्टी लावली जाते. समजा, याच शिक्षकांना भावना मोजणारी एखादी प्रश्नावली दिली असती. उदाहरणार्थ ‘पॅनास’, 1988 मध्ये तयार झालेली. यात भावनांचे 20 शब्द असतात, 10 सुखद आणि 10 त्रासदायक. प्रत्येक शब्दापुढे 1 ते 5 पैकी एक आकडा द्यायचा. एखाद्या शिक्षिकेने ‘भीती’पुढे 4 लिहिलं असतं. पण ही भीती कुणासाठी? स्वतःला संसर्ग होईल म्हणून, की वर्गातला जो मुलगा शाळेतच पोटभर जेवायचा तो आता घरी काय खात असेल म्हणून? आकडा दोन्हींचा सारखाच आला असता.

या पेपरची खरी ताकद इथे आहे. दुर्बल मुलांची काळजी ही थीम बाहेर आली ती लोकांना बोलू दिलं म्हणून. त्या काळात तिथले काही शिक्षक मुलांच्या घरी जेवणाची पाकिटं पोचवत होते. म्हणजे ‘शिक्षकांचा ताण’ हा फक्त कामाच्या बोजाचा किंवा झूम न जमण्याचा ताण नव्हता. त्यातला मोठा भाग दुसऱ्या कुणासाठी तरी होता. कोणत्याही स्केलमध्ये हे सहज सापडलं नसतं.

तेव्हा ‘24 फक्त’ ही टीका खोडून टाका. मीही खोडली.

खरा प्रश्न: प्रश्नानेच उत्तर घडवलं का?

आता तीन प्रसंगांकडे परत या. वाईट क्षण, चांगला क्षण, टर्निंग पॉइंट. हा साचा मानसशास्त्रात जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांच्या जीवनकथा मुलाखतीत हेच तीन प्रसंग विचारले जातात. पद्धत चांगली आहे. "तुम्हाला कसं वाटतंय?" असं विचारलं की लोक "ठीक आहे" म्हणतात. प्रसंग विचारला की तपशील येतात.

पण साचा म्हटला की त्याला आकार आलाच. ‘टर्निंग पॉइंट सांगा’ या प्रश्नात एक गोष्ट आधीच धरून चाललोय, की वळण आलंय. तुम्ही एखाद्याला खड्डा, शिखर आणि वळण मागितलंत तर तो रस्ता काढून देणारच. आणि मग आपण म्हणायचं, बघा, अनिश्चिततेकडून मार्ग काढण्याकडे प्रवास झाला! हा प्रवास शिक्षकांच्या आयुष्यात झाला की मुलाखतीच्या कागदावर? माझ्या मते दोन्हीकडे थोडाथोडा. पण किती कुठे, हे वेगळं करायची सोय या रचनेत नाही.

मॅकॲडम्स यांच्याच कामात याचा इशारा आहे. माणसं, विशेषतः अमेरिकन माणसं, आपली गोष्ट ‘वाईटातून चांगलं निघालं’ या चालीवर सांगतात, असं त्यांनी सविस्तर दाखवलंय. म्हणजे हे साधन वापरताना त्या चालीवर खास लक्ष ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट थीमबद्दल. पेपरमध्ये रिफ्लेक्झिव्ह थीमॅटिक ॲनालिसिस वापरलंय. ही पद्धत मांडणाऱ्या व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क पुन्हा पुन्हा बजावतात की थीम डेटामधून आपोआप उगवत नाहीत, संशोधक त्या घडवतो. तुमच्या थिसिसमध्ये ‘थीम्स आढळून आल्या’ असं लिहिताना दहा वेळा विचार करा. इथे तर डेटा घडवणारा प्रश्नही संशोधकांचाच होता.

आणि वेळ?

पाच-सहा आठवडे. त्यात 12 एप्रिलचा ईस्टर, म्हणजे त्याच्या आसपासची सुट्टीही आली. पहिला धक्का ओसरलाय, ऑनलाइनची घडी बसलीये, थोडा श्वास मिळालाय. अशा वेळी "मार्ग सापडला" असं वाटणं खोटं नाही. पण ते त्या आठवड्यांतलं खरं आहे. लेखिकांनी ‘मुलाखतीच्या वेळेपर्यंत’ अशी मर्यादा घातली आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. गडबड आपण करतो. संदर्भ देताना हे दोन शब्द गळतात आणि उरतं ते एवढंच: "शिक्षकांनी परिस्थितीशी जुळवून घेतले (किम आणि ॲसबरी, 2020)". असं वाक्य धोरण ठरवणाऱ्याच्या हाती पडलं तर तो काय म्हणेल? जुळवून घेतलंय ना, मग मदत कशाला?

त्याच संशोधकांनी दिलेलं उत्तर

आता मला या गटाबद्दल खरा आदर का वाटतो ते सांगते. त्या तिथे थांबल्या नाहीत. लॉरा ऑक्सली यांना सोबत घेऊन त्यांनी 2020 च्या एप्रिल, जुलै आणि नोव्हेंबर अशा तीन टप्प्यांत 24 शिक्षकांशी बोलून दुसरा पेपर लिहिला. तो त्याच जर्नलच्या 2022 च्या अंकात आहे. त्याच्या शीर्षकातली उपमा आहे, डोकं म्हणजे शंभर टॅब उघडलेला ब्राउझर झालंय.

दोन शीर्षकं शेजारी ठेवा. पहिल्यात पायाखालून काहीतरी निघून गेलंय. दुसऱ्यात काहीच निघून जात नाहीये, सगळं एकदम उघडं आहे आणि बंद करता येत नाहीये. एक धक्का आहे, दुसरा थकवा. धक्क्यातून माणूस सावरतो, थकवा मात्र साठत जातो.

मधल्या काळात काय झालं? 1 जूनपासून काही इयत्ता परतल्या. ऑगस्टमध्ये रद्द झालेल्या परीक्षांच्या ग्रेड अल्गोरिदमने दिल्या गेल्या आणि 13 तारखेला लागलेल्या निकालावरून इतका गदारोळ झाला की 17 तारखेला सरकारला माघार घ्यावी लागली. सप्टेंबरमध्ये सगळी मुलं शाळेत आली. 5 नोव्हेंबरला दुसरी टाळेबंदी लागली, आणि या वेळी शाळा चालू राहिल्या. सगळ्या देशाला "घरी थांबा" सांगितलं जात असताना शिक्षक भरलेल्या वर्गात उभे होते.

या दुसऱ्या पेपरमध्ये शिक्षकांचं मानसिक स्वास्थ्य खालावत गेल्याचं दिसतं, विशेषतः प्राथमिक शाळा चालवणाऱ्यांचं. ताण वाढवणाऱ्या गोष्टींत अनिश्चितता, कामाचा बोजा, एकाच वेळी निभवायच्या अनेक भूमिका यांच्याबरोबर समाजाची शिक्षकांबद्दलची नकारात्मक नजरही आहे. म्हणजे एप्रिलमध्ये ‘मार्ग काढणं’ हे शेवटचं स्टेशन वाटत होतं, ते मधलंच निघालं. एकाच वेळी घेतलेल्या मुलाखतींवरून ‘प्रवासा’बद्दल बोलू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या पेपरवरही माझी एक तक्रार आहे. तिथे भावना ‘कामाच्या मागण्या’ आणि ‘कामाची संसाधनं’ अशा दोन रकान्यांत बसवल्या आहेत. बोजा आणि सहकाऱ्यांचा आधार यांना हे रकाने चालतात. पण "आम्ही एवढं करतोय आणि लोक म्हणतात मास्तर घरी बसून पगार खातात" यातला अपमान ही नुसती ‘मागणी’ नाही. तो रागही आहे, आणि राग कुणावर तरी असतो. रकान्यात टाकला की ते ‘कुणावर’ पुसलं जातं.

मावशीला विचारलेले तीन प्रश्न

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असं नाही. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हीच साधनं मराठीत आणावीत असा माझा बेत होता, म्हणून आधी तिच्यावर करून पाहिलं. 2020 बद्दल विचारलं. वाईट क्षण तिने लगेच सांगितला: चेकपोस्टवरची ड्युटी, घरात सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आणि रोज संध्याकाळी अंगणातच आंघोळ करून घरात पाऊल टाकायचं. चांगला क्षणही सांगितला. मग मी विचारलं, "आणि टर्निंग पॉइंट?"

"म्हणजे?"

"म्हणजे जिथून गोष्ट बदलली असं वाटलं."

ती विचारात पडली. "तसं काही नाही गं. एक ड्युटी संपली की दुसरी लागायची. चेकपोस्ट झालं, मग सर्व्हे झाला, मग शाळा सुरू झाल्या."

मी गप्प बसले. माझ्या हातात वही आणि पेन. तिने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, तुला लिहायला हवंय ना? मग लिही, मोबाइलवर शिकवायला शिकले तो टर्निंग पॉइंट."

भाचीचं काम अडू नये म्हणून तिने मला वळण देऊन टाकलं. मुलाखत देणारी माणसं भली असतात, समोरच्याला हवं ते शोधून देतात. मी ते उत्तर तसंच टाइप केलं असतं तर माझ्याही टेबलमध्ये ‘मार्ग काढणे’ ही थीम छान दिसली असती.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांचा 2020 चा अनुभव फक्त ऑनलाइन शिकवण्याचा नव्हता. सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’सारख्या मोहिमांतही शिक्षक घरोघरी फिरले. त्यांना "शिकवताना काय वाटलं?" एवढंच विचारलं तर अर्धं वर्ष बाहेरच राहील.

तुमच्या कामासाठी

तुम्ही पेट दिली असेल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर कोणत्याही ‘भावनां’वरच्या पेपरला एवढं विचारा:

1. नेमका प्रश्न काय विचारला होता? ‘काहीच बदललं नाही’ हे उत्तर द्यायची त्यात जागा होती का?
2. कधी विचारला? त्या आठवड्यात बाहेर काय चालू होतं?
3. बोलायला कोण तयार झालं? इतका थकलेला, की मुलाखतीला वेळच नाही, तो शिक्षक यात असेल का?
4. निष्कर्षातली मर्यादा तुमच्या संदर्भात शिल्लक आहे की गळली?

माझ्या मुलाखतीच्या यादीतून मी टर्निंग पॉइंट काढून टाकलेला नाही. त्याच्या आधी एक वाक्य घातलंय: "असा क्षण आला नसेल तर तसं सांगा, तेही मला हवं आहे." मावशीला पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हे आधी सांगायचं ना!" आणि मग चेकपोस्टबद्दल अर्धा तास बोलली. पहिल्या वेळी त्यातलं काहीच आलं नव्हतं.