वेणूताईंचं पहिलं वर्ष

यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झालं. देवराष्ट्र्याला आजोळी झालेला जन्म, कराडातलं शिक्षण, चळवळ, तुरुंग आणि १९४६ पर्यंतची वाटचाल असा त्याचा आवाका आहे. राजकारणाचे अभ्यासक ते साताऱ्याच्या लढ्यासाठी वाचतात. मी मात्र त्यातल्या एकाच वर्षाकडे पुन्हा पुन्हा वळतो: जून १९४२ ते मे १९४३. त्या पानांत एक उत्कट प्रेमकथा आहे, आणि लेखकानं तिला प्रेमकथा म्हटलेलं नाही.

२ जून १९४२ रोजी यशवंतरावांचं लग्न फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताईंशी झालं. नवरा एकोणतीस वर्षांचा, वकिली नुकती सुरू झालेली. त्या काळी आधी लग्न, मग ओळख. या दोघांना त्या ओळखीसाठी जेमतेम सव्वादोन महिने मिळाले. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि यशवंतराव भूमिगत झाले. सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला. तेव्हा हा सगळा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. आजचा सांगली जिल्हा त्यातूनच पुढे १९४९ मध्ये वेगळा निघाला. अशा पेटलेल्या मुलखात नवी सून सासरी होती आणि नवरा कुठं आहे, हे घरात उघड बोलायची सोय नव्हती.

जानेवारी १९४३ मध्ये, ऐन संक्रांतीला पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे नव्या सुनेच्या कौतुकाचा सण. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. त्या दिवशी तिच्या वाट्याला कोठडी आली. गुन्हा एवढाच, की ती यशवंतरावांची बायको होती. या प्रसंगाचा सगळा ताण त्या तारखेत आहे. वेगळी विशेषणं लागत नाहीत. सणाचं नाव घेतलं की आपल्याकडच्या वाचकाला काय हिरावलं गेलं ते कळतं.

सुटकेनंतर वेणूताई आजारी पडल्या आणि फलटणला माहेरी गेल्या. इथं कथेचा कळस येतो. महिनोन् महिने पोलिसांना हुलकावणी देणारा माणूस पत्नीच्या आजाराची बातमी कळल्यावर तिला भेटायला फलटणला गेला. मे १९४३ मध्ये तो तिथंच पकडला गेला. भूमिगत कार्यकर्त्यासाठी सासरवाडी ही सर्वांत धोक्याची जागा. पोलिसांची नजर आधी तिथंच असणार, हे यशवंतरावांसारख्या सावध माणसाला ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? तरीही ते गेले. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी नव्हतं. ते या फलटणच्या वाटेत आहे.

म्हणूनच मला या लेखनाचा संयम मोलाचा वाटतो. मोर्चे, बैठका, सहकारी यांच्या ओघातच पत्नी येते आणि जाते. तिच्यासाठी स्वर वेगळा लावलेला नाही, त्यामुळेच तिच्याविषयीची ओढ खरी वाटते. परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली त्यांची पत्रं पुढे ‘विदेश दर्शन’मध्ये आली. जे पाहिलं ते आधी तिला सांगायचं, ही सवय त्या पत्रांतून दिसते. तिचं मूळ मला या पहिल्या, दुरावलेल्या वर्षात दिसतं.

एक उणीव मात्र जाणवते. या कथेत वेणूताईंचा स्वतःचा आवाज नाही. कोठडीतल्या रात्री आणि फलटणची भेट त्यांनी कशी सांगितली असती, हे आपल्याला वाचायला मिळत नाही. १ जून १९८३ रोजी, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या गेल्या. पुस्तक आलं ते त्यानंतर; आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतरावही गेले. आत्मचरित्राचे पुढचे खंड राहूनच गेले.

चव्हाण दांपत्याला मूल नव्हतं, त्यामुळे ही कथा आईवडिलांची म्हणून सांगणारं त्यांच्या घरी कुणी उरलं नाही. पण कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत याच वळणाच्या कथा आहेत. आईवडिलांना ‘तुमचं प्रेम कसं जमलं?’ असं विचारलं तर ते लाजून विषय बदलतील. त्यापेक्षा ‘लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काय काय झालं?’ असं विचारावं. कोण कुणासाठी कुठवर चालत गेलं, कुणी कुणाच्या आजारपणात काय सोसलं, हे ते भरभरून सांगतील. ‘कृष्णाकाठ’नं मला अशी उत्तरं ऐकायला शिकवलं.