चांगदेव पासष्टी : आख्यायिका व आत्मबोध

ज्ञानेश्वरांनी योगी चांगदेवांना उद्देशून रचलेले पासष्ट ओव्यांचे प्रकरण. चांगदेवांची समाधी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पुणतांबे येथे गोदावरीकाठी आहे. स्मृती व कथन यांतून साकारणारा ‘मी’ आणि त्यापलीकडील आत्मस्वरूप यांतील ताण या रचनेच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो.

परंपरेनुसार चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षे जगले. ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे न उमगून त्यांनी कोराच कागद पाठविला. चौदाशे वर्षांनंतरही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी लिहिलेले उत्तर म्हणजे पासष्टी, असे मानतात. वाघावर बसून आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत ही कथाही सर्वपरिचित आहे. याच जिल्ह्यातील ताहाराबादच्या महिपतींनी (१७१५–९०) भक्तविजयात (१७६२) ती सांगितली आहे.

पासष्टीत मात्र वाघ, भिंत वा वयाचा हिशेब यांपैकी काहीच नाही. अलंकार झाले तरी सोन्याचे सोनेपण मोडत नाही. पाण्याचा ठाव घेण्यास गेलेले मीठ स्वतःच उरत नाही. अशा दृष्टांतांनी द्रष्टा, दृश्य व दर्शन ही त्रिपुटी त्यात निरस्त केली आहे. बोलणारा व ऐकणारा एकच ठरल्यावर मोठेपणाचा प्रश्नच मावळतो. कोऱ्या कागदाला दिलेले हे खरे उत्तर होय.

संत बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंगांशी तुलना येथे उद्‌बोधक ठरते. बहिणाबाई पूर्वजन्मांच्या आठवणी सांगून आपल्या साधनेची संगती लावतात. त्यांच्या ठिकाणी स्मृती आत्मभानास आधार देते. पासष्टी तोच आधार काढून घेते.

केवळ आख्यायिकेच्या आधारे पासष्टी वाचल्यास ती एका गर्विष्ठ योग्याच्या पराभवाची कथा ठरते व तिचे तत्त्वज्ञान झाकोळते. तथापि आख्यायिका निरर्थक नाही. नामरूपापलीकडील बोध ज्याला सांगितला, त्याचे नामरूप लोकस्मृतीत टिकले ते तिच्यामुळेच. दीर्घायुष्य व सिद्धी यांचा संचय म्हणजे आत्मज्ञान नव्हे, हे वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरुस्थानी ठेवून तिने सामान्य श्रोत्यालाही पटविले. पासष्टीचा आशय व लोककथेचा आशय येथे परस्परपूरक ठरतात.