पोथीतली तलवार

युरोपातल्या लांब तलवारीची गुरुपरंपरा केव्हाच तुटली. आपल्या गुरूकडून डाव शिकलेला आणि तोच पुढे शिकवणारा एकही वस्ताद आज हयात नाही. उरल्या त्या पोथ्या. सर्वांत जुनी ज्ञात पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीची, लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधली. तीत एक पाद्री चेल्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतो. अखेरच्या पानांवर चेल्याच्या जागी वाल्पुर्गिस नावाची बाई उभी राहते; ती कोण, याचा पोथीत खुलासा नाही.

जर्मन वस्ताद योहानेस लिख्टेनाउअर याची विद्या कोड्यासारख्या पद्यात बांधलेली आहे. ऐऱ्यागैऱ्याला ती कळू नये हाच हेतू. ती पद्यं उलगडायला पंधराव्या शतकात भाष्यं झाली. ‘क्रुम्पहाउ’ हा वार घ्या. त्यांतलं रिंगेकचं भाष्य सांगतं की समोरचा उजवीकडून वार घालू लागला, तर उजवा पाय बाजूला टाकून, हातांना तिढा देऊन त्याच्या हातांवर मारावं. वाचायला सोपं. पण पाऊल किती लांब टाकायचं? मनगट केव्हा वळवायचं? तो वार आधीच पाहिलेल्यांसाठी हे लिहिलेलं आहे. त्यामुळे एकाच मजकुरातून दोन आखाड्यांत दोन निराळे वार निघतात, आणि दोन्हीकडचे लोक त्याच ओळीवर बोट ठेवतात.

इटालियन फिओरे देई लिबेरीने १४०९च्या सुमारास चित्रांचा आधार घेतला. मुकुटवाला वस्ताद, गुडघ्याखाली सोनेरी पट्टी बांधलेला चेला: कोण जिंकतोय ते नजरेलाच कळतं. पवित्रा दिसतो, त्यात शिरायची वाट मात्र दिसत नाही.

पहिलं पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकातलं. तलवारबाजीच्या इतिहासावरचा एगर्टन कॅसलचा १८८५चा ग्रंथ मेहनतीचा; पण मध्ययुगीन तलवारबाजी म्हणजे रांगडी मारामारी आणि खरी कला पुढे आली, हा त्याचा ग्रह बराच काळ टिकला. दीड किलोच्या आसपासची तलवार हातात घेतली की तो ग्रह गळून पडतो. गेल्या तीसेक वर्षांतल्या अभ्यासकांनी जुन्या भाषा शिकून, पोथ्या ताडून पाहून जे काम केलं, ते कॅसलच्या फार पुढचं आहे.

माझी तक्रार वाचनाबद्दल नाही, कसोटीबद्दल आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला २००६मध्ये ‘स्वोर्डफिश’ ही स्पर्धा सुरू झाली. तशा स्पर्धांनी कागदी पंडितांना मैदानात आणलं, हे चांगलंच झालं. पण तोंडावर जाळी, हातात जाड मोजे आणि लवचिक पात्याची सरावाची तलवार ‘फेडर’ असली की भीती उरत नाही. मग दोघेही एकदमच वार घालतात, दोघांनाही लागतं, आणि पंच गुणांचा हिशेब करत बसतात. धारेच्या तलवारींनी असं झालं असतं तर दोघेही आडवे झाले असते. पोथीतला डाव इथे चालला नाही म्हणून तो चुकीचा वाचला, असं म्हणणं घाईचं आहे. नियमांनीच त्याचं कारण काढून घेतलेलं असू शकतं.

दुसरी उणीव निवडीची. फिओरेच्या गेटी संग्रहालयातल्या पोथीत आधी कुस्ती येते, मग खंजीर, आणि त्यानंतर तलवार. आजच्या हौशी शिष्याला थेट लांब तलवार हवी असते. मग झटापट अंगाशी आली की तो गोंधळतो, आणि अनेक स्पर्धांत पंचही नेमके तेव्हाच ‘थांबा’ म्हणतात.