वेठ, मान आणि कसब : तीन दलित स्वकथनांचे एक वाचन

दलित स्वकथनांचा विचार करताना मराठी समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी दीर्घकाळ प्रमाण मानली. या त्रयीचे ऐतिहासिक कार्य मोठे आहे. रूपवादी निकषांनी ज्या लेखनाची बोळवण ‘अनुभवांची कच्ची सामग्री’ अशी केली असती, त्या लेखनाला स्वतंत्र मूल्यदृष्टी आहे, हे तिने प्रस्थापित केले. परंतु प्रत्येक परिभाषा काही दाखवते तशीच काही झाकतेही. या स्वकथनांतील माणसे जितके सोसतात तितकेच राबतात, आणि त्यांच्या राबण्याला कसब लागते, ही गोष्ट वेदनेला केंद्रस्थानी ठेवल्यामुळे दुर्लक्षित राहिली. कर्ता हा केवळ भोक्ता ठरला. नेमलेल्या कामाच्या पलीकडचे, अंगच्या जाणकारीवर चालणारे आणि मोबदल्याविना करून घेतलेले काम हे आशयसूत्र धरून दया पवार, शंकरराव खरात आणि बेबी कांबळे यांची स्वकथने वाचली, तर या दुर्लक्षाचे स्वरूप स्पष्ट होते.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) गावकीच्या कामांची एक यादी येते. गावाचा सारा तालुक्याला पोचवायचा, बडा असामी आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, त्याच्या जनावरांची निगा राखायची, दवंडी द्यायची, मयताची खबर गावोगाव न्यायची, मेलेले ढोर ओढायचे, लाकडे फोडायची, सणासुदीला वाजवायचे. या यादीचा उल्लेख बहुधा दारिद्र्याचा आणि अवहेलनेचा पुरावा म्हणून केला जातो. वस्तुतः तिचा खरा अर्थ तिच्या विजातीयतेत आहे. साऱ्याची रक्कम नेण्यास विश्वासार्हता लागते, खबर नेण्यास वाटांचे आणि नात्यागोत्यांचे ज्ञान लागते, जनावर सांभाळण्यास पारख लागते, तर वाजवण्यासाठी वाद्यावर हात बसलेला असावा लागतो. एकाच माणसाकडून हे सर्व अपेक्षिले जाते आणि त्यांपैकी कशालाही कौशल्य म्हटले जात नाही. ज्याच्या हाती गावाचा पैसा निर्धास्तपणे सोपवला जातो, त्याचा स्पर्श मात्र चालत नाही, या विसंगतीचा खुलासा केवळ वेदनेच्या कोटीतून होत नाही.

या कामांना वेळेचे बंधन नव्हते, हे पवार सांगतात. याचे कारण व्यवस्थेच्या रचनेतच आहे. बलुते हे अमुक कामाचे अमुक मोल या स्वरूपाचे नसते. ते धान्याच्या रूपाने एकदा दिले जाते आणि त्यापोटी माणूस चोवीस तास बांधला जातो. म्हणून नवे काम वाढले तरी देणे वाढत नाही. मोबदला कामाशी नव्हे, तर जन्माशी जोडलेला असल्यामुळे ‘हे माझ्या कामात येत नाही’ असे म्हणण्यास भाषेतच जागा उरत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात बलुत्याचा विचार मुख्यतः कुणब्याच्या खळ्यावरून, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूने झाला. घेणाऱ्याच्या बाजूचा हिशेब वाचकासमोर सविस्तर मांडण्याचे काम या स्वकथनांनी केले.

या हिशेबाला साहित्याच्या आधी कायद्याच्या भाषेत मांडणारा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला होता. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि इच्छा असल्यास वतनदाराला सेवेतून मुक्त होता यावे, या मागण्या सर्वज्ञात आहेत. कनिष्ठ वतनदारांची कर्तव्ये नियमांनी निश्चित करावीत, हे त्याच विधेयकाचे उद्दिष्ट तुलनेने कमी चर्चिले गेले. कामाची सीमा आखली गेली तरच सीमेपलीकडच्या कामाला नकार देता येतो, ही जाणीव त्यामागे आहे. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 मध्ये.

ही सीमा ओलांडली जाते तो क्षण शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (1981) साक्षात होतो. गावाबाहेरच्या विहिरीत प्रेत आहे. पाळीवर असलेल्या वडिलांकडे त्याच्या राखणीचे काम आहे. पोलीस येतात आणि वडिलांनीच विहिरीत उतरून प्रेत बाहेर काढावे, असे फर्मावतात. विहिरीत साप आहे आणि काठावर मुलगा आहे. या प्रसंगाचे वाचन सामान्यतः मुलाच्या भयाच्या अंगाने होते, आणि ते भय खरेच आहे. तथापि प्रसंगाचा कणा राखण करणे आणि उतरणे या दोन क्रियापदांमधील अंतरात आहे. राखण ही नेमणूक आहे. उतरणे हे वेगळे काम आहे. त्याला कपारींवर पाय ठरवण्याची सवय लागते, पाण्यातले जड ओझे दोराने बांधण्याची हातोटी लागते आणि जीव पणाला लावावा लागतो. हुकूम देणाऱ्याला हे अंतर दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने समोर कामगार नसून जात उभी आहे. पुढे वकील आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झालेला निवेदक बालवयातील या स्मृतीकडे परततो, तेव्हा न आखलेली ती रेषा लेखनातून मागाहून आखली जाते.

धमकी हे या व्यवस्थेचे एक साधन, तर मान हे दुसरे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (1986) येसकराच्या घुंगरांच्या काठीचे चित्रण आहे. पाळी असलेल्या महाराला त्या काठीचा अभिमान वाटतो. साहेबापुढे धावण्यात त्याला प्रतिष्ठा दिसते. हा अभिमान लेखिका लपवत नाही आणि त्याला माफही करत नाही. तिचा उपरोध तिथे धारदार होतो, कारण वेतनाची जागा मानाने कशी घेतली, हे तिने आतून पाहिले आहे. मानाला खर्च लागत नाही, तो वाढवून मागता येत नाही आणि नाकारला तर नाकारणाराच कृतघ्न ठरतो. विद्रोहाच्या शोधात असलेल्या समीक्षेला या अभिमानाचे काय करावे, हे सहसा उमगत नाही. तो अज्ञान म्हणून बाजूला सारला जातो. वेठीचे अर्थशास्त्र मात्र या अभिमानाशिवाय उलगडत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. जातीने लादलेल्या कामात कसब शोधणे म्हणजे बलुतेदारीचे उदात्तीकरण नव्हे काय? गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांनी नेमके हेच केले आहे, म्हणून आक्षेप टाळता येत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले. हे विधान प्रस्तुत वाचनाच्या विरोधात जात नाही. कसबाचा गौरव करून मोबदल्याविषयी मौन पाळणे हे उदात्तीकरण होय. कसबाला कसब म्हणून त्याचे थकलेले देणे विचारणे ही त्याच्या नेमकी उलट कृती आहे. कामाला काम न म्हणता नुसते दुःख म्हटले, तर सहानुभूती मिळते; मात्र देणेकरी नजरेआड होतो.

संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठीला मनाई केली. वाङ्मयीन मूल्यमापनात मात्र तिचा हिशेब अपुरा राहिला आहे. या स्वकथनांमधील याद्या, पाळ्या, काठ्या, दोर आणि वाटा यांना केवळ वातावरणनिर्मितीचे तपशील मानणे यापुढे पुरेसे ठरणार नाही. त्यांतील प्रत्येक तपशील एका कामाची नोंद आहे. अभ्यासकाने ते काम कोणाचे होते, त्याला काय येत असावे लागत होते आणि ते कोणत्या नावाखाली फुकट करून घेतले गेले, हे तीन प्रश्न संहितेला विचारले, तर वेदना आणि विद्रोह या संज्ञांनाही अधिक भरीव आशय लाभेल.