पिंपातून दिसणारा फुजी

होकुसाईच्या ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या १८३० च्या सुमारास निघू लागलेल्या, लाकडी ठशांवरून छापलेल्या मालेतील ओवारी प्रांताचे चित्र रसिक फुजीदर्शन म्हणून वाखाणतात. आम्हांस ते श्रमाचे चित्र वाटते. तळ नसलेल्या प्रचंड लाकडी पिंपात वाकून एक कारागीर आतील फळ्या तासीत आहे. त्या वर्तुळातून दूरचा फुजी इवल्या त्रिकोणाएवढा दिसतो. कारागिराचे तिकडे लक्षही नाही. श्रमाची थोरवी चित्रकाराने केवळ आकारांच्या प्रमाणाने सिद्ध केली आहे.

तथापि एक खंत उरते. रेखाटन होकुसाईचे, ते फळीवर कोरले आणि कागदावर रंग उमटविले ते दुसऱ्यांच्या हातांनी. सही मात्र एकट्या होकुसाईची! कष्टकऱ्याला फुजीहून मोठे करणाऱ्या या चित्राचे रसग्रहण करताना त्या हातांचे ऋण आपण मानलेच पाहिजे.