गॉथिक वास्तुशैली आणि प्रबोधनकालीन दृष्टी : एक पुनर्विचार

प्रबोधनकालाने गॉथिक वास्तुशैली नाकारली, हे विधान कलेतिहासाच्या अध्यापनात सर्रास केले जाते. ते असत्य नाही. परंतु अपुरे आहे. प्रबोधनकालीन ग्रंथ आणि त्या काळातील प्रत्यक्ष बांधकाम यांची तुलना केल्यास हे अपुरेपण स्पष्ट होते.

‘गॉथिक’ ही संज्ञा मुळात वर्णनापेक्षा दूषण म्हणूनच रूढ झाली. जॉर्जो वाझारी याने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात या शैलीस जर्मन रीत म्हटले, तिला रानटी ठरविले आणि तिचे जनकत्व गॉथ टोळ्यांकडे दिले. इतिहास यास दुजोरा देत नाही. गॉथांनी रोम लुटले ते इ. स. ४१० मध्ये, या शैलीचा आरंभबिंदू मानला जाणारा, पॅरिसजवळील सँ-दनी येथील चर्चचा पूर्वेकडील भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला. या दोहोंत सात शतकांहून अधिक अंतर आहे.

वाझारीच्या निंदेमागे केवळ अज्ञान नव्हते. व्हिट्रुव्हियसच्या ग्रंथाच्या आधारे स्तंभांची प्रमाणबद्धता हा सौंदर्याचा निकष ठरला होता. गॉथिक वास्तूंचे सडपातळ स्तंभ आणि एकावर एक रचलेले अलंकरण त्या निकषात बसत नव्हते. शिवाय प्राचीन रोमच्या वारशावर हक्क सांगायचा, तर मधला काळ परकीयांचा ठरविणे सोयीचे होते.

प्रत्यक्ष बांधकामाची साक्ष मात्र वेगळी आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेल्या घुमटाचा छेद टोकदार कमानीचाच असून त्यास फासळ्यांचा आधार आहे. त्याच नगरातील सांता मारिया नोव्हेल्ला चर्चचा दर्शनी भाग अल्बेर्तीच्या आराखड्यानुसार १४७० मध्ये पूर्णत्वास गेला. त्यात खालच्या टोकदार कमानी हटविण्याऐवजी सामावून घेतल्या गेल्या. चेझारे चेझारियानो याने तर १५२१ मध्ये व्हिट्रुव्हियसचा सटीक अनुवाद प्रसिद्ध करताना त्याचे सिद्धांत स्पष्ट करण्यासाठी मिलानच्या गॉथिक कॅथेड्रलचेच आराखडे छापले.

ही विसंगती वरवरची आहे. वास्तूच्या सर्व अंगांत सुसंवाद असावा, हे प्रबोधनकालाचे मूलतत्त्व होते. त्याच तत्त्वाने गॉथिक शैली सदोष ठरली. आणि अपुरी गॉथिक वास्तू पूर्ण करताना तिच्या रूपाशी इमान राखणेही त्याच तत्त्वाने भाग पाडले.

एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनानंतर या संज्ञेतील दूषण लोपले. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसमूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, तो याच नावाने. शैलीची नावे तटस्थ नसतात. त्यांत एका काळाने दुसऱ्यावर दिलेला निवाडा दडलेला असतो. म्हणून वर्गात ‘गॉथिक’ ही संज्ञा शिकविताना त्या निवाड्याचीही चिकित्सा होणे आवश्यक ठरते.