कष्टकऱ्याच्या मुलाचे पहिले पुस्तक

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगताना छत्र्यांचे ‘बालमित्र’, १८८१ चे ओकांचे ‘बालबोध’, १९०६ चा आपट्यांचा ‘आनंद’ अशी नावे क्रमाने येतात. हा इतिहास खरा आहे. पण तो पुस्तकांचा आहे, वाचणाऱ्या मुलांचा नाही. मासिकाची वर्गणी ज्या घराला परवडत नव्हती, त्या घरातले मूल काय वाचत होते, हे आपल्या समीक्षेने फारसे विचारलेले नाही.

उत्तरे मात्र मराठीतच आहेत. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही, असा तिचा रोखठोक युक्तिवाद आहे. अक्षरओळख होताच या मुलीने पुस्तक कोणाचे, हाच प्रश्न विचारला! अण्णाभाऊ साठे शाळेत टिकले दीड दिवस. मुंबईत सिनेमाची पोस्टरे आणि दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे अंकलिपीचे पुस्तक झाले. गिरणी कामगाराने वाढवलेल्या नारायण सुर्वे यांनी रस्त्यालाच विद्यापीठ मानले. कृष्णचंदर यांची ‘दादर पुल के बच्चे’ ही उर्दू कादंबरी पुढे त्यांनीच मराठीत आणली. ती मुले त्यांना परकी नव्हतीच.

पण इथेच आपली एक चूक होते. जयंतीच्या भाषणांत आपण त्या दीड दिवसाचे कौतुक करतो. पाट्या वाचून ‘फकिरा’ लिहिणारा एखादाच. पाटीपाशीच ज्यांचे वाचन थांबले, त्यांची नोंद कुठल्याच वाङ्मयेतिहासात नाही. अभावाचा गौरव करणारी समीक्षा त्या मुलांवर अन्यायच करते.

कळमेश्वरला उर्दू माध्यमात शिकवताना आम्हाला हे रोज जाणवते. कारखान्यात जाणाऱ्यांची, हमालांची मुले समोर असतात. आम्ही मराठी अक्षरे शिकवण्याआधीच एका मुलाने एसटीच्या पाटीवरचे ‘नागपूर’ वाचून दाखवले. आम्हाला आनंद झाला. पण नंतर तो म्हणाला, “सर, अब किताब दो.” पुस्तके फाटतील म्हणून कपाटाला कुलूप होते.

पाटी वाचायला मूल आपले आपण शिकते. कपाट उघडणे मात्र आमचे काम आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ली मागून घेतली.